महिपतच्या घरची वीज

आमच्या गावात लाइट गेली की आरोळी उठायची. बाकीच्या गावांत लाइट आली की पोरं ओरडतात, आमच्याकडे उलटं. मी गिरणीत असले तर मीच दारात येऊन ओरडायची, "महिपतदादा, लाइट गेली ओ!" माझ्याकडून ती हाक पुढच्या आळीतली कोणी उचलायची, तिच्याकडून विहिरीवरची बाई, तिथून बांधावर असेल तो, आणि अशी ती शेतात पोचायची. मग महिपतदादा हातातलं टाकून घराकडे पळत सुटायचे. हातात खुरपं असो की भाकरी. एकदा तर अर्धी दाढी झालेली, एका गालावर फेस, असे माझ्या गिरणीसमोरून पळाले. माझी जीभ कुठली गप्प बसायला? "दादा, उरलेली दाढी लाइट आल्यावर करा!" असं मी ओरडले. पळता पळता हसले ते. माणूसच हसरा.

मी रंजिता. टोकावड्याहून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात पिठाची गिरण एकच, ती माझी. भांडखोर म्हणून माझी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. दळण मागेपुढे झालं तर मी सरपंचालाही सोडत नाही. पण महिपतदादांशी मला कधी भांडता आलं नाही. भांडायला समोरचा माणूस थोडा तरी वाकडा लागतो.

ते पळायचे ते चंदावहिनीसाठी. वहिनी म्हणजे आमच्या भागातली धवलारीण. लग्नातले धवले, म्हणजे हळद लावण्यापासून नवरी निघेपर्यंतची गाणी, तिनेच गायची. भटजी उशिरा आला तर चालायचं, चंदा उशिरा आलेली चालत नसे. आवाज असा की मांडवातल्या लाउडस्पीकरवाल्याला लाज वाटावी. नवरी रडत नसेल तर वहिनी दोन ओळींत तिला रडवायची आणि तिसऱ्या ओळीत नवऱ्याच्या आईची अशी फिरकी घ्यायची की रडणारी नवरीही पदराआड हसायची.

त्या बाईची फुप्फुसं गेली. चुलीचा धूर, पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात त्याचा धूर, भात उकडायच्या भट्टीचा धूर. आमच्याकडच्या बाईला धुराला काही तोटा नाही. आधी गाणं सुटलं, मग चढण सुटली, मग एका दमात बोलणंही सुटलं. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसरात्र ऑक्सिजन. घरी मशीन आलं. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, लाइटवर चालणारं. लांब नळी लावून दिली होती, तेवढ्या लांबीत वहिनीचं जग. पलंगापासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत.

"रंजे," ती मला म्हणायची, मध्ये थांबत थांबत, "आख्ख्या तालुक्याची लग्नं लावली मी. आता या डब्याशी... माझं लगीन लागलं. दिवसभर गळ्यात पडून असतो मेला. तुझ्या दादांनी येवढं केलं नव्हतं कधी."

दादा कोपऱ्यात बसून हसायचे.

लाइट गेली की मशीन एकदा टीं करून बंद पडायचं. त्यासाठी कोपऱ्यात ऑक्सिजनचा सिलिंडर उभा होता. पण त्याची चावी भलती घट्ट. दादांनाच दात-ओठ खाऊन फिरवावी लागायची, वहिनीला तर पाण्याचा तांब्या उचलला तरी धाप लागे. शेजारीपाजारी असतील तर ठीक, नाहीतर दादांनी पळत यायचं, चावी फिरवायची, नळी तिकडची इकडे जोडायची. सिलिंडर संपत आला आणि तरी लाइट नाही आली, तर जीप सांगून टोकावड्याचा दवाखाना, नाहीतर थेट मुरबाड. मोबाइलचा भरवसा नव्हता, कारण लाइट गेली की थोड्या वेळात टॉवरही मान टाकतो. म्हणून आरोळी. कुणी ठरवलेली नाही, पंचायतीत ठराव झालेला नाही. एका पावसाळ्यात सुरू झाली आणि गावाच्या अंगवळणी पडली.

शिवाय सुनिल होता. वरच्या वाडीतल्या भिमाचा मुलगा, लाइनवर कंत्राटी वायरमन. दुरुस्तीसाठी लाइन बंद करायची असली की आदल्या दिवशी तो दादांना फोन करायचा. "काका, उद्या सकाळपासून लाइट नाय. काकीला घेऊन जावा." मग दादा वहिनीला घेऊन शेखरकडे, म्हणजे मुलाकडे, आसनगावला जायचे. शेखर तिथे बायको-पोरांसह राहतो आणि नोकरीला कल्याणला जातो. आईला तिकडेच ठेवा म्हणून तो कितीदा भांडला. पण दोन खोल्यांत वहिनीचा जीव रमायचा नाही. "तिथं माझी नळी गॅलरीपर्यंत पन नाय जात," असं म्हणायची.

या सगळ्यात दादांची शेती सुटली. जमीन डोंगराखाली, घरापासून लांब. तिथे गेलं आणि आरोळी पोचली नाही तर? म्हणून त्यांनी ती भिमाला अर्धलीनं, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दिली. स्वतः घराजवळच्या वाफ्यात भाजी करायचे, पण कान सतत घराकडे. जन्मभर भात लावलेला माणूस, कापणीच्या दिवसांत ओट्यावर बसून दुसऱ्यांचे भारे जाताना बघायचा. तोंडानं कधी बोलले नाहीत. पण भारा गेला की खाली पडलेल्या लोंब्या उचलून हातावर चोळून बघायचे, दाणा भरला का.

मग गावात सोलरवाला आला.

कल्याणकडचा पोरगा, इस्त्रीचा शर्ट, पंचायतीच्या हॉलमध्ये त्यानं भिंतीवर चित्रं दाखवली. सरकार इतकं देणार, तुम्ही इतकं घाला, बिल शून्य, पाच-सहा वर्षांत पैसे फिटले की पुढं वीस वर्षं फुकट. सगळ्यांनी एकच प्रश्न तऱ्हेतऱ्हेनं विचारला: परवडतं का? सगळ्यात मोठ्यानं मी विचारला, कारण गिरणीचं बिल मला माहीत. पोरगा हुशार होता. प्रत्येकाच्या बिलावरून त्यानं प्रत्येकाला आकडेमोड करून दाखवली.

दादांनी बिलाचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ऊन असलं की छपरावर लाइट तयार होते ना?"

"होते ना काका. ऊन असलं की होणारच."

झालं. दादांचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी गिरणीत दळणाला थांबलेल्या लोकांना त्यांनी ते समजावून सांगितलं, आणि मी आजही ते विसरत नाही, कारण त्यात चूक काढायला आमच्यापैकी कुणाला जागाच दिसली नाही. "हे बघा," ते म्हणाले, "आपल्या वरच्या खाचरात पानी आलं. खाचर भरलं की आपण बांधाचं तोंड फोडतो, उरलेलं खालच्याला जातं. बरोबर? तसंच हाय हे. छपरावर लाइट आली, आधी आपलं घर पिनार, उरलेली तारेवर जानार, कंपनीला. आता मला सांगा, खालच्याचा बांध फुटला, खालचं सगळं सुकलं, म्हनून वरचं खाचर सुकतं का?"

"नाय," आम्ही सगळे म्हणालो.

"मंग! गावाची लाइट गेली तर आपल्याला काय? उलट बरं. सगळी आपल्याच घरात राहील."

भात लावणाऱ्या माणसानं यापलीकडे काय विचार करायचा? पाणी वरून खाली जातं हे आम्ही आईच्या पाठुंगळीवर असताना बघितलं आहे. खालचं सुकलं म्हणून वरच्यानंही पाणी घ्यायचं थांबवावं, असं काही जगात असतं हे आमच्या डोक्यात कुठून येणार? आणि सोलरवाल्या पोराच्या डोक्यात बिलाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. दोघंही खोटं बोलले नाहीत. त्याचाच मला राग येतो. कुणीतरी खोटं बोललं असतं तर बरं झालं असतं.

सोलरसाठी दादांनी बैलजोडी विकली. शेखरनंही घातले. बैल गेले त्या दिवशी वहिनी कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी मी गेले तर म्हणाली, "माझ्या नाकात वारा जावा म्हनून... दावण रिकामी केली त्यांनी." मी म्हटलं, "वहिनी, बैलांनी तुला धवले ऐकवले असते का?" तेव्हा कुठं हसली.

नवरात्रात सोलर सुरू झाला. दादांचा आनंद बघायला हवा होता. पावसानंतरचं स्वच्छ ऊन, छपरावर निळ्या काचा, आणि हा साठीचा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगणात उभा करून वर बोट दाखवतोय. लोक विचारायचे, "काय महिपत, परवडलं का?" दादा म्हणायचे, "बिलाचं नाय माहीत. माझं पळनं बंद झालं, त्याचं काय लावाल?"

आणि मग ते घरोघर जाऊन सांगून आले की आता आरोळी नको. "रातीला मी घरीच असतो, माझं मी बघतो. दिवसा ओरडू नका. उगा तुमच्या घशाला त्रास." माझ्या गिरणीतही आले. सुनिललाही सांगितलं, "आता फोनची गरज नाय रे बाळा. दिवसा आपलं घरचं हाय."

मध्ये एका रात्री लाइट गेली, दिवसा एकदाही नाही. दादा उठले, सिलिंडर लावला, पहाटे लाइट आली. रात्री ऊन नाही म्हणून सोलर नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. मूर्ख नव्हते ते. जेवढं कळायला हवं तेवढं कळत होतं, एवढंच की कळलेलं पुरं नव्हतं.

दसरा झाला, कापणी आली. त्या वर्षी भात उभं राहिलं होतं की बघत राहावं. दादांचा पाय घरात ठरेना, पण जायचं धाडसही होईना. शेवटी वहिनीनंच हाकललं. मी होते तिथे, पीठ द्यायला गेले होते.

"जावा की," ती म्हणाली. "ऊन हाय डोक्यावर. किती दिस... माझ्या तोंडाकडं बघत बसनार? माझं तोंड काय... लोंबी हाय?"

"आन तू येकटी?"

"मी कुठं येकटी? हा हाय ना," तिनं मशीनकडे हात केला. "हा मेला मला सोडून... कुठं जातोय?"

दादा विळा शोधायला लागले. तीन वर्षं न वापरलेला विळा. घासून धार लावताना ते गुणगुणत होते, वहिनीच्याच धवल्यातली चाल, आणि वहिनी तिथून ओरडली, "चुकताय! वर जायचं तिथं... खाली येताय!" मग खोकली, आणि दोघंही हसली. मी त्या दोघांना असं हसताना शेवटचं बघितलं.

दिवाळीच्या आधी लाइनची दुरुस्ती असते. सुनिलनं मला फोन केला, "ताई, उद्या लाइट नाय, दळण आजच काढा." मी म्हटलं बरं झालं, पट्टा घासलाय, उद्या मुरबाडला जाऊन नवा आणते. आसपासच्या गावांतल्या गिरणीवाल्यांना, दूध डेअरीला, सगळ्यांना त्यानं कळवलं होतं. दादांनी नको म्हटलं होतं, म्हणून दादांना नाही.

पुढचं मला भिमानं सांगितलं. डोंगराखाली दोघं कापत होते. शेजारच्या खळ्यावर लाइटवरचं मळणीचं यंत्र चाललं होतं, ते घरघर करत थांबलं. भिमानं सवयीनं पाठ सरळ केली, तोंडाला हात लावला आणि ओरडला, "महिपतदादा, लाइट..." आणि मग स्वतःशीच हसला. दादा त्याच्यापासून दहा पावलांवर तर होते.

दादांनी वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. "तुमची गेली," ते म्हणाले. "आपली चालू हाय. काप तू."

आणि कापत राहिले. भिमा सांगतो, त्या दिवशी दादांचा हात असा चालत होता की जवान माणसानं मागं पडावं. मध्ये पाणी प्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "चंदाला नव्या तांदळाचा भात घालतो. जुना तिला लागत नाय." ऊन चढत होतं. जितकं चढत होतं तितके ते निश्चिंत होत होते.

गावात कुणी नव्हतं. कापणीच्या दिवसांत गावात कोण असतं? कुत्री आणि कोंबड्या.

दुपारी दादा घरी आले. नव्या भाताच्या लोंब्यांची एक पेंढी करून आणली होती, दाराला बांधायला.

मी मुरबाडहून आले तेव्हा त्यांच्या अंगणात माणसं जमली होती. वहिनी कोपऱ्यात, सिलिंडरला टेकून बसल्यासारखी होती. मशीनपासून सुटलेली नळी नाकात तशीच. सिलिंडरची चावी मुठीत. आम्ही बायकांनी ती मूठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. जिचा आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचा, तिनं हाक मारली असेल का? मारली असेल तर किती लांब गेली असेल? अंगणापर्यंत? उंबऱ्यापर्यंत? हा विचार मला अजूनही दळता दळता येतो आणि मग मी कुणावर तरी उगाच ओरडते.

दादा रडत नव्हते. ते अंगणात उभे राहून छपराकडे बघत होते. "ऊन होतं," म्हणत होते. "ऊन होतं ना. रंजिता, ऊन होतं ना?"

होतं. त्या वेळीही होतं. निळ्या काचा अशा तापल्या होत्या की त्यांच्यावरची हवा हलताना दिसत होती.

मग चारच्या सुमाराला, आम्ही वहिनीला जमिनीवर घेतलं होतं, आसनगावहून शेखर आणि सून पूजा यायची वाट बघत होतो, तेव्हा लाइट आली. आणि त्या घरातलं सगळं एकदम सुरू झालं. दिवे लागले, तिन्ही खोल्यांतले. पंखा फिरायला लागला. टीव्हीत कुणीतरी मोठ्यानं हसलं. ओट्यावरचा मिक्सर रिकामाच किंचाळला. वहिनीनं घरातलं एकूण एक बटण दाबून बघितलं होतं. कुठल्या तरी बटणानं चालू होईल म्हणून, नळी जाईल तिथपर्यंत आणि त्याच्या पुढंही. आणि पलंगाशेजारचं ते मशीन घूं घूं करत सुरू झालं.

तेव्हा दादा खाली बसले. बटणं मी बंद करत गेले, एकेक. मशीनचं बटण मला दाबता येईना, ते पूजानं आल्यावर बंद केलं.

दिवस झाले. तेराव्यानंतर शेखरनं सोलरवाल्या पोराला बोलावून घेतलं. पोलिसात जाणार, कंपनीला कोर्टात खेचणार, असं त्याचं चाललं होतं. मीही तयारीतच गेले होते. चार गोष्टी सुनवायच्या, जमलं तर दोन ठेवून द्यायच्या. पोरगा आला, इस्त्रीचा शर्ट घामानं चिकटलेला. त्यानं भिंतीवरचा सोलरचा डबा उघडून बघितला, छपरावर चढून आला, आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, यंत्रात काही बिघाड नाही."

"मग त्या दिवशी बंद कसं पडलं?" शेखरनं त्याची कॉलर धरली.

"ते बंदच पडतं, दादा. तसंच बनवलेलं असतं. हे लाइनला जोडलेलं आहे. लाइन बंद झाली की हे आपोआप बंद होतं, कितीही ऊन असलं तरी. बॅटरीवालं वेगळं येतं, ते घर चालू ठेवतं, पण ते महाग पडतं. इथं सगळ्यांनी परवडतं का एवढंच विचारलं, म्हणून मी..." तो थांबला. "घरात असं मशीन आहे हे मला कोणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस का रे मेल्या?" मी ओरडले. "घरात कोण आहे, कशावर जगतंय, विचारलंस का?"

तो रडायला लागला. रडणाऱ्या पोराला काय मारायचं? शेखरनं कॉलर सोडली.

 मग दादांनी विचारलं, "पन का? आपली लाइट आपल्या घरात राह्यली तर कोनाचं काय जातं?"

पोरानं डोळे पुसले. "लाइन बंद असते तेव्हा वायरमन खांबावर असतो, काका. तारेत वीज नाही म्हणून तो हात घालतो. तुमच्या छपरावरची वीज त्या तारेत गेली, तर तो जागेवर जातो. म्हणून यंत्र बंद होतं. खांबावरचा माणूस जगावा म्हणून."

 मग दादा म्हणाले, "त्या दिवशी खांबावर कोन होता?"

सगळ्यांना माहीत होतं. कुणी नाव घेतलं नाही. दारात भिमा बसला होता, तो उठून गेला, तेव्हा दादांना कळलं.

हल्ली लोक मला विचारतात, रंजिताताई, सोलर परवडतो का, घेऊ का. गिरणीवर मी अजून घेतलेला नाही. मी त्यांना सांगते, परवडतो. बिल कमी होतं, पोरगा खोटं बोलला नव्हता. पण आधी घरात बघा, कुणाचा जीव लाइटवर आहे का, आणि मग विचारा, लाइन गेल्यावर काय होतं. आमच्या गावात हे कुणी विचारलं नाही. लोक मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, पण किती वर्षांत फिटतात?

सुनिल दिवसांना आला नव्हता. कामावरही जात नव्हता. त्याची आई गोदू नाचणी दळायला आली तेव्हा म्हणाली, "पोरगा जेवत नाय गो. खांब दिसला की वाट बदलतो. दादांना तोंड कसं दाखवू बोलतो." मी ते दादांना जाऊन सांगितलं. दादा ओट्यावर बसले होते. ते उठले, पायात चपला घातल्या. "चल," म्हणाले.

वाडीची चढण आम्ही चढलो. सुनिल पडवीत बसला होता, दाढी वाढलेली. दादांना बघून उभा राहिला, पाया पडायला वाकला, आणि वाकला तो उठेचना. दादांनी त्याला धरून बसवलं आणि समोर बसले.

"तूच होतास ना खांबावर?"

"हो काका."

"तारेला हात लावला होतास?"

"दोनी हात, काका. तारेचा जंपर, जोड, बांधत होतो." मग त्याचा बांध फुटला. "मी फोन करायला पायजे होता. तुमी नको बोललात, तरी पन करायला पायजे होता."

"मी नको बोललो. तू काय करशील?" दादांनी त्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले. "मंग बरोबर बंद झाली. तो पोरगा बोलला तसंच. नायतर तू गेला असतास. तुझ्या आईनं कोनाकडं बघायचं होतं?"

दारात उभ्या गोदूनं हात जोडले. मलाही वाटलं, हा माणूस मोठा आहे, हा माफ करायला आलाय.  सुनिलचे हात दादांनी अजून सोडले नव्हते.

"पन माझ्या मनात येतं रे," ते म्हणाले. "रोज येतं. नसती बंद झाली तर. तू वर हायस हे ठाऊक असून येतं. तुझ्या तोंडावर सांगतो, मागून कशाला बोलू? मला चंदा पायजे होती."



"माझ्या पन मनात तेच येतं, काका," सुनिल म्हणाला.

गोदूचे जोडलेले हात खाली आले. तिनं दोघांचंही ऐकलं होतं.